पंधरा खुर्च्यांवर कुणी बसायचं?

डिसेंबर 2019. त्या वर्षी ऊसतोडीचा हंगाम उशिरा सुरू झाला होता. मी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. कारखान्यामागच्या माळावर बीडकडून आलेल्या कोयत्यांच्या, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्यांच्या, कोप्या उभ्या राहिल्या होत्या. दिवसा तिथं सत्र लावून उपयोग नसतो, बाया पहाटेच फडात गेलेल्या असतात. म्हणून आम्ही लसीकरणाचं जादा सत्र संध्याकाळी पाचला ठेवलं. व्हॅक्सिन कॅरिअर उभ्या बैलगाडीच्या आडोशाला, रजिस्टर माझ्या मांडीवर, आणि आशाताई एकेका कोपीत वाकून हाका मारतायत.

एक बाई सात महिन्यांची मुलगी घेऊन आली. पाचटानं हात ओरखडलेले. कार्ड गावी राहिलं होतं. जन्मल्यावर दवाखान्यात बीसीजी आणि पोलिओचा झिरो डोस मिळालेला, त्यानंतर काहीच नाही. सिस्टरांनी पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची, सिरिंज भरली आणि हात थांबवून मला विचारलं, "मॅडम, रोटा द्यायचा ना? बाई म्हणतायत, तालुक्याला एका डॉक्टरांनी वय उलटलं म्हणून परत पाठवलं."

द्यायचा होता. रोटाव्हायरस म्हणजे लहान बाळांना जीवघेणे जुलाब करणारा विषाणू. आपल्या सरकारी कार्यक्रमात त्याच्या लसीचा पहिला डोस बाळाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत सुरू करता येतो. खासगी दवाखान्यात मात्र पहिला डोस 15 आठवड्यांच्या आत, हा नियम पाळतात. त्या डॉक्टरांचं त्यांच्या नियमाप्रमाणे बरोबरच होतं. रोग एक, लस एक आणि नियम दोन. त्या मुलीला लागू पडणारा नियम कुठून आला, हे मी त्या रात्री घरी येऊन वाचत बसले, आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जगाच्या लसीकरणाबाबत सल्ला देणारी माणसं कशी निवडली जातात आणि कशी निवडली जायला हवीत?

रोटाची पहिली लस अमेरिकेत 1998 साली आली आणि 1999 मध्ये मागे घेतली गेली. लस घेतलेल्या साधारण दहा हजारांतल्या एका बाळाच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकत होता. अमेरिकेत रोटाव्हायरसनं वर्षाकाठी काही डझन मुलं दगावायची, तेव्हा तिथं हा धोका पत्करायचं कारण नव्हतं. पुढे 2006 च्या सुमारास नव्या, अधिक सुरक्षित लसी आल्या. त्यांच्याबाबत सावधगिरी म्हणून वयाची अट घातली गेली: पहिला डोस 15 आठवड्यांच्या आत, शेवटचा 32 आठवड्यांच्या आत. 2009 मध्ये ही लस सगळ्या जगासाठी सुचवली गेली, ती याच अटीसह.

आता ही अट आमच्या माळावर आणून ठेवा. उशिरा येणारं बाळ कुणाचं असतं? ज्याच्या आईला दवाखाना दूर पडतो, जिची मजुरी बुडते, जिचं कार्ड दुसऱ्या जिल्ह्यात असतं तिचं. आणि जुलाबानं मरणारं बाळही नेमकं तेच असतं. धोका टाळण्यासाठी घातलेली अट सर्वाधिक धोक्यातल्या मुलांनाच बाहेर ठेवत होती. एप्रिल 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ सल्लागार गटानं हा हिशेब समोर मांडला. गरीब देशांत वयाची अट काढली, तर वर्षाला आणखी सुमारे 47 हजार मुलं वाचतील आणि आतड्याच्या त्या गुंतागुंतीनं आणखी सुमारे 300 दगावू शकतील, असा अंदाज होता. गटानं अट काढायला सांगितलं. ती तीनशे बाळंही कुणाची तरी आहेत, म्हणून हा निर्णय मला कधीच सोपा वाटला नाही. पण तो बरोबर होता.

या गटाचं नाव 'सेज'. 1999 साली तो स्थापन झाला. त्यात 15 सदस्य असतात आणि संघटनेचे महासंचालक त्यांची नेमणूक करतात. मुदत तीन वर्षांची, फार तर एकदा वाढते. सदस्य आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बसत नाही, स्वतःच्या नावानं बसतो. कामाचं मानधन नाही, फक्त प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळतो. गटाचा सल्ला कुणावर बंधनकारक नसला तरी व्यवहारात त्याचं वजन प्रचंड आहे. ज्या देशांकडे स्वतःची भक्कम तज्ज्ञ समिती नाही, ते या सल्ल्यावरच चालतात. गरीब देशांच्या लसींसाठी पैसा देणारी 'गावी' आणि खरेदी करणारी युनिसेफ याच दिशेनं पावलं टाकतात. म्हणून या पंधरा खुर्च्या कशा भरल्या जातात हा प्रश्न जिनिव्हापुरता राहत नाही.

खुर्ची रिकामी होते तेव्हा जाहीर आवाहन निघतं. कुणीही अर्ज करू शकतो, कुणाचंही नाव सुचवता येतं. अर्जदाराचं शिक्षण, संशोधन, अनुभव बघतात, स्त्री-पुरुष आणि जगाच्या वेगवेगळ्या भागांचा समतोल बघतात. लस कंपनीत नोकरीला असलेल्याला प्रवेश नाही. पैशाचे, संशोधन निधीचे, सल्लागारीचे सगळे संबंध लेखी जाहीर करावे लागतात आणि त्यांचा गोषवारा लोकांसमोर ठेवला जातो.

हे सगळं आपोआप आलेलं नाही. 2009 आठवा. त्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शहर तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागलं. त्या साथीला 'महामारी' म्हणायचं की नाही यावर जागतिक आरोग्य संघटनेला सल्ला देणारी एक वेगळी आणीबाणी समिती होती. तिच्या सदस्यांची नावं गुप्त ठेवली गेली. त्यांच्यावर दबाव येऊ नये, हे कारण दिलं गेलं. पुढच्या वर्षी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं दाखवून दिलं की संघटनेच्या फ्लूविषयक मार्गदर्शनावर काम केलेल्या काही तज्ज्ञांना औषध कंपन्यांकडून पैसे मिळाले होते. नावं जाहीर झाली ती ऑगस्ट 2010 मध्ये, साथ संपल्याचं सांगताना. तोवर जगभर संशय पसरला होता. सल्ला चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण नावच माहीत नसलेल्या माणसाच्या सल्ल्यावर आईनं मूल मांडीवर घट्ट धरून बसावं, ही अपेक्षा कुणी करू नये.

हितसंबंधांबाबत माझं मत ठाम आहे आणि ते थोडं नावडतं आहे. लसींच्या मोठ्या चाचण्यांचा खर्च बहुधा लस बनवणाराच करतो. त्यामुळे ज्याला एखाद्या लसीतलं खरोखर कळतं, त्यानं कधी ना कधी अशा चाचणीत काम केलेलं असतं. डोसांच्या संख्येनं जगातली सर्वांत मोठी लस कंपनी पुण्यात आहे. ऑक्सफर्डबरोबर तयार झालेल्या तिच्या मलेरिया लसीची शिफारस ऑक्टोबर 2023 मध्ये झाली. अशा शहरातल्या बालरोगतज्ज्ञांत किंवा विषाणुशास्त्रज्ञांत 'कुणाशीच कधीच संबंध आला नाही' असा माणूस शोधायला गेलो, तर हाती येईल तो या विषयात न पडलेला माणूस. तेव्हा संबंध उघड करा, त्या लसीचा विषय निघाला की खोलीबाहेर जा, आणि शेअर किंवा चालू पगार असेल तर अर्जच करू नका. एवढं पुरेसं आहे, पण एवढं मात्र कडक हवं.

हितसंबंधांचा मुद्दा मोघम ठेवला तर त्याचं हत्यार होतं. अमेरिकेची लसीकरण सल्लागार समिती 1964 पासून काम करते आहे. जून 2025 मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी, रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी, तिचे सगळेच्या सगळे 17 सदस्य एका फटक्यात काढून टाकले आणि स्वतः निवडलेले नवे नेमले. कारण काय दिलं? हितसंबंधांनी समिती पोखरली आहे, लोकांचा विश्वास परत मिळवायचा आहे. कोणत्या सदस्याचा कोणत्या कंपनीशी कोणता व्यवहार, कोणत्या मतदानावर त्याचा परिणाम, असा माणूसवार हिशेब देऊन कुणाला काढलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात नव्या समितीनं प्रत्येक नवजात बाळाला हिपॅटायटिस बीची लस द्यावी ही 1991 पासूनची शिफारस मतदानानं बदलली. आरोप माणसागणिक आणि कागदावर असेल तर तो तपासता येतो. सरसकट आरोप फक्त जागा रिकाम्या करायला उपयोगी पडतो.

पण खुर्ची कुणाला मिळू नये यावर आपण जेवढं बोलतो, त्याच्या निम्मंही कुणाला मिळावी यावर बोलत नाही. मला दोन माणसं तिथं हवी आहेत. एक, ज्याला बहुमत पटलेलं नाही असा जाणकार. दुसरा, ज्यानं सत्र चालवलं आहे असा.

पहिल्याबद्दल डेंगीच्या लसीची गोष्ट सांगायलाच हवी. डेंगीचे विषाणू चार प्रकारचे. एकाची लागण होऊन गेल्यावर दुसऱ्याची झाली, तर काही वेळा आजार उलट अधिक गंभीर होतो. अमेरिकन डॉक्टर स्कॉट हॅलस्टेड यांनी 1960 च्या दशकात बँकॉकच्या मुलांचा अभ्यास करून हे मांडलं होतं. सानोफी कंपनीची डेंगीची लस आली तेव्हा त्यांनीच इशारा दिला: ज्या मुलाला आधी कधी डेंगी झालेलाच नाही, त्याच्या शरीरात ही लस पहिल्या लागणीसारखी वागेल, आणि नंतर खरा डेंगी झाला तर तो जड जाईल. एप्रिल 2016 मध्ये सेजनं जिथं डेंगी फार पसरलेला आहे अशा भागांनी ही लस विचारात घ्यावी असं सांगितलं. शंका त्यांच्या कागदांत नोंदलेली होती, ती कुणी लपवली नाही. पण ती 'सैद्धांतिक शक्यता' म्हणून नोंदली गेली आणि निर्णय पुढे गेला. त्याच महिन्यात फिलिपिन्सनं शाळकरी मुलांना ही लस टोचायला सुरुवात केली आणि ती आठ लाखांहून अधिक मुलांना टोचली. नोव्हेंबर 2017 मध्ये कंपनीनंच जाहीर केलं की आधी डेंगी न झालेल्यांना धोका आहे. एप्रिल 2018 मध्ये सेजनं सल्ला बदलला: आधी रक्त तपासा, मग टोचा.

नुकसान डेंगीपुरतं थांबलं नाही. 'लसी महत्त्वाच्या आहेत' याच्याशी पूर्ण सहमत असणाऱ्या फिलिपिनो लोकांचं प्रमाण 2015 मध्ये 93 टक्के होतं, 2018 मध्ये ते 32 टक्क्यांवर आलं. 2019 च्या सुरुवातीला तिथं गोवराची मोठी साथ आली. गोवराच्या लसीचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. मार तरी मुलांनीच खाल्ला.

हॅलस्टेड मतदानाच्या खुर्चीवर असते तर निर्णय वेगळा झाला असता की नाही, हे सांगता येणार नाही. पण निवड करणाऱ्यांनी दर वेळी स्वतःला एक प्रश्न विचारावा: या विषयावर सगळ्यांत पक्का विरोध कुणाचा आहे, आणि तो माणूस आत आहे का? विरोध म्हणजे मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा नव्हेत. आयुष्य त्या विषयात घालवून, आकडे वाचून 'मला हे पटत नाही' म्हणणारा माणूस मला अभिप्रेत आहे. आणि निर्णय त्याच्या विरुद्ध गेला, तर त्याचं मत त्याच्या नावानं इतिवृत्तात छापलं जावं. एकमताचा आग्रह समितीला नीटनेटकं दाखवतो, पण पुढे चूक निघाली तर ती कुठे झाली हे शोधायला काही मागे ठेवत नाही.

हे घराजवळही घडलं आहे. आपली लसीकरणाची राष्ट्रीय सल्लागार समिती, एनटीएजीआय, 2001 पासून आहे. 13 मे 2021 रोजी कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर 12 ते 16 आठवडे केलं गेलं. सेजचा सल्ला 8 ते 12 आठवड्यांचा होता. महिनाभरानं समितीशी संबंधित काही शास्त्रज्ञांनी जाहीरपणे सांगितलं की बारा आठवड्यांपलीकडचं अंतर आम्ही सुचवलं नव्हतं. सरकारनं ते नाकारलं. तेव्हा लसीची टंचाई होती, लोक रात्रीपासून रांगा लावत होते, आणि अंतर शास्त्रानं वाढवलं की टंचाईनं, असं रांगेतला माणूस मला विचारत होता. कुणाचं काय मत पडलं याचा कागद त्या आठवड्यातच लोकांपुढे असता, तर मी त्याला काहीतरी दाखवू शकले असते.

आता दुसरा माणूस, सत्र चालवलेला. इथं निवडीच्या आवाहनातच एक अडथळा आहे आणि तो सद्भावनेतून आला आहे. काम बिनपगारी आहे, म्हणजे कुणी पैशासाठी येणार नाही, असा त्यामागचा विचार. पण बिनपगारी काम कुणाला परवडतं? ज्याचं विद्यापीठ त्याला वर्षातले काही आठवडे मोकळं सोडतं, ज्याच्याकडे हजार पानांची टिपणं वाचून देणारे सहायक असतात, ज्याचं इंग्रजी चर्चेत अडखळत नाही, त्याला. आमच्या जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्याची कल्पना करा. पल्स पोलिओ, निवडणुकीची ड्यूटी, विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाचं उत्तर, शीतसाखळीतला बंद पडलेला आयएलआर म्हणजे लसींचा फ्रीज, या सगळ्यात परदेशी बैठकीला जायला ना हरकत दाखला मिळवणं हेच एक स्वतंत्र काम आहे. असा अधिकारी अर्ज करणार नाही. मालावी किंवा नेपाळमधलाही करणार नाही. मग 'गरीब देशांचा प्रतिनिधी' म्हणून जो आत जातो, तो बऱ्याचदा त्या देशाच्या राजधानीतला नामांकित प्राध्यापक असतो. त्याचं ज्ञान खरं असतं, पण चार वाजता आइसपॅक वितळलेला त्यानं शेवटचा कधी पाहिला?

याला कुणी म्हणेल, तळातली माणसं तळाचंच बघतात, जगाचा विचार करायला पुरावा तोलता यावा लागतो. पुरावा तोलता यायलाच हवा, त्यात सूट नको. पण आज जगासमोरचा मोठा प्रश्न नव्या लसींचा कमी आणि पोहोचण्याचा जास्त आहे. 2024 मध्ये जगात 1 कोटी 43 लाख बाळांना एकही डोस मिळाला नाही. त्यातली सुमारे 9 लाख आपल्या देशातली. गोवर-रुबेलाची कुपी एकदा मिसळली की चार तासांत संपवावी लागते. एकाच बाळासाठी दहा डोसांची कुपी फोडायची का? फोडली तर नऊ वाया जातात आणि वरून विचारणा होते. नाही फोडली तर ते बाळ परत येईलच असं नाही. आमच्याकडे उत्तर आहे: फोडा. पण ते उत्तर नर्सच्या हातापर्यंत का पोहोचत नाही, तिला कशाची भीती वाटते, हे विचारायचं सुचण्यासाठी त्या रजिस्टरवर सही केलेली असावी लागते.

आणि पुरावा तरी कुठून येतो? एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस आता अनेक देशांत एकाच डोसात दिली जाते. सेजनं एप्रिल 2022 मध्ये हे मान्य केलं. त्यामागचा एक मोठा आधार भारतातल्या चाचणीचा आहे. 2009 मध्ये सुरू झालेल्या त्या चाचणीची दोन केंद्रं बार्शी आणि पुणे इथली. ठरलं होतं ते दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करायचं. पण तेव्हाच आंध्र आणि गुजरातमध्ये चाललेल्या एका वेगळ्या प्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंवरून वादळ उठलं. ते मृत्यू लसीमुळे नव्हते असं चौकशीत निघालं. तरी संमती घेण्याच्या पद्धतीवर 2013 मध्ये संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले. आंध्रात कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. एप्रिल 2010 मध्ये सरकारनं सगळंच थांबवलं आणि बार्शी-पुण्यासह सगळ्या केंद्रांवरच्या हजारो मुली एका डोसावर राहिल्या. पथकांनी त्यांना सोडलं नाही. दहा वर्षं गावोगाव जाऊन पाठपुरावा केला. 2021 मध्ये निष्कर्ष आले: विषाणूच्या दोन मुख्य प्रकारांच्या चिवट लागणीपासून एका डोसानं 95 टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळालं, तीन डोसांइतकंच.

सोलापूर जिल्ह्यातल्या मुलींच्या रक्तावरून आणि तिथल्या आरोग्यसेविकांच्या पायपिटीवरून जगाचं वेळापत्रक ठरतं, आणि त्या पायपिटीचा अनुभव असलेलं कुणी त्या टेबलावर नसतं, हे मला मान्य होत नाही. वॉर्डनची सही म्हणजे संमती नव्हे, हे संसदेच्या समितीनं सांगण्याआधी कुठल्याही अनुभवी सिस्टरनं सांगितलं असतं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पंधरांतल्या निदान चार खुर्च्या अशा लोकांसाठी राखाव्यात ज्यांनी गेल्या दहा वर्षांत जिल्हा किंवा त्याखालच्या पातळीवर लसीकरण चालवलं आहे. सदस्याला पैसे देऊ नका हवं तर, पण त्याच्या जागी काम करणाऱ्याचा पगार त्याच्या कार्यालयाला द्या. चर्चेला दुभाषी ठेवा. आणि आपल्या राज्यानं स्वतःहून दर दोन वर्षांनी अशा चार-पाच अधिकाऱ्यांची आणि सेविकांची नावं पाठवावीत, ना हरकत दाखला आधीच जोडून. नावं निवडली गेली नाहीत तरी चालेल. गटाच्या हाताखाली एकेका लसीसाठी कार्यगट नेमले जातात, सुरुवात तिथून होऊ शकते.

त्या संध्याकाळी मुलीला पेंटा, पोलिओ आणि रोटा मिळाला. सिस्टरांनी नवीन कार्ड करून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि आईला सांगितलं, "ताई, हे पीठाच्या डब्यात ठेवा, म्हणजे हरवायचं नाही." दुसरा डोस जानेवारीत त्याच माळावर दिला. तिसऱ्याच्या आधी ती टोळी मुकादमानं दुसऱ्या कारखान्याला हलवली. सिस्टरांनी मुकादमाचा नंबर मिळवून तीनदा फोन केला, मग तिकडच्या उपकेंद्राला कळवलं. डोस मिळाला की नाही ते आम्हाला समजलं नाही. रजिस्टरमध्ये त्या ओळीत दोन तारखा आहेत. तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलेला तो फोन नंबर आहे.